जाळी क्रमांक सव्वीस

पेशीवाली : काकू, काकांची ती जाळी आज चार वाजता टाकून देणार आहेत.

आई : अगं बाई! टाकून?

पेशीवाली : पण हे मी तुम्हाला सांगितलेलं नाही. पत्र मिळाल्याशिवाय नातेवाइकांना काही सांगायचं नाही असा हॉस्पिटलचा नियम आहे, आणि पत्र अजून टपालात आहे. म्हणजे तुम्ही आत्ता आलात. नमस्कार काकू. बसा. काय काम काढलंत?

आई : आत्ता म्हणालीस ना, टाकून देणार—

पेशीवाली : कोण म्हणालं? येताना त्रास नाही ना झाला?

आई : दोन गल्ल्या ओलांडून आले, त्यात कसला त्रास. हे बघ पोरी, नवरा जाऊन बारा दिवस झाले. येणाऱ्या-जाणाऱ्यांपायी मला अजून धड रडायला सवड मिळालेली नाही. माझ्यापुढे नाटक करू नकोस.

पेशीवाली : बरं. नाटक संपलं. चार वाजता. आत्ता दोन वाजून पन्नास मिनिटं झालीत. आणि ती पिशवी त्या टेबलावर ठेवू नका, टेबल निर्जंतुक आहे. म्हणजे होतं.

आई : पिशवीत डबा आहे. घासून, वीस मिनिटं उकळून आणलाय. झाकण असं घट्ट बसतं की उलटा केला तरी थेंब सांडत नाही.

पेशीवाली : डबा कशाला?

आई : जाळी न्यायला.

पेशीवाली : काकू, ती सदतीस डिग्रीच्या कपाटात खाद्यात बुडवून ठेवलेली असते. डब्यात घातलीत तर उद्या सकाळपर्यंत खलास.

आई : मग आधी मला नीट समजावून सांग. ह्यांना सांगितलं असशील तू. पण डॉक्टर बोलायला लागले की हे नुसती मान डोलवायचे, आणि घरी येऊन म्हणायचे, काही खास नाही. जाळी जिवंत आहे म्हणजे नेमकं काय?

पेशीवाली : जाळी प्लास्टिकचीच आहे. तळहाताएवढी. पोटाची भिंत फाटली की आतडं बाहेर डोकावतं. तोच हर्निया. तिथे आतून ही जाळी ठिगळासारखी लावतात. बहुतेकांना चालते. काकांच्या शरीरानं मात्र पहिल्या जाळीला शत्रू ठरवलं. भोवती कडक गाठी केल्या, पू केला, शेवटी काढावी लागली.

आई : ते मला नको सांगूस. चार महिने ड्रेसिंग मीच करत होते. मग पाच वर्षं पट्टा बांधून काढली.

पेशीवाली : म्हणून या वेळी आम्ही त्यांच्या दंडाच्या आतल्या बाजूची नखाएवढी कातडी घेतली. त्यातल्या पेशी सुट्या केल्या, वाढवल्या, आणि नव्या जाळीवर त्यांचा थर चढवला. शरीरानं चाचपून बघितलं तर त्याला वाटावं, हे आपलंच माणूस आहे.

आई : म्हणजे फसवायचं.

पेशीवाली : कागदावर 'स्वीकारार्हता वाढवणे' असं लिहिलंय.

आई : फसवायचंच की. बरं, मग?

पेशीवाली : मग थर सुरेख बसला. इथे आजवर सव्वीस जाळ्या झाल्या, इतका एकसारखा कुणाचा बसला नव्हता. सोमवारचं ऑपरेशन ठरलं. आणि काका गुरुवारी...

आई : बूट काढताना. एक पायात, एक हातात. मी म्हटलं, काढताय ना, का बूट हातात घेऊन विचार करत बसलात? दोनदा म्हटलं.

पेशीवाली : पाणी देऊ?

आई : नको. तुमच्याकडचं पाणी पण निर्जंतुक असेल, मला सवय नाही. हे गेले. मग ह्या पेशी कशा राहिल्या?

पेशीवाली : त्यांना कुणी कळवलं नाही.

आई : काय?

पेशीवाली : त्यांना फक्त ऊब कळते आणि खाद्य कळतं. गुलाबी रंगाचं पातळ खाद्य असतं, दर दोन दिवसांनी मी ते बदलते. खाऊन झालं की ते पिवळं पडतं. कालही पडलं होतं.

आई : म्हणजे जेवतायत.

पेशीवाली : व्यवस्थित.

आई : घरी कधी वेळेवर बसले नाहीत. ताट वाढलं की ह्यांना खिडकीची कडी दुरुस्त करायची असायची.

पेशीवाली : खरं तर नियम असा आहे, पेशंट गेला की सात दिवसांत नमुना नष्ट करायचा. त्यात माझ्याकडून थोडं झालं. रजिस्टरात 'नमुन्याची स्थिती' असा रकाना आहे. जिवंत किंवा मृत. मी खरं ते लिहिलं, जिवंत. आता जिवंत नमुना टाकायचा तर पेशंटची सही लागते. सही नसेल तर का नाही याचं कारण लिहायचं आणि थांबायचं. कारणं तीनच छापलीत. पेशंट परगावी आहेत, पेशंटशी संपर्क होत नाही, पेशंट तयार नाहीत.

आई : तू काय लिहिलंस?

पेशीवाली : परगावी.

आई : बरं केलंस. तसं तिसरंही खोटं नव्हतं. कुठे निघायचं म्हटलं की हे कधी तयार नसायचे.

पेशीवाली : त्यावर पाच दिवस निघाले. काल मोठ्या साहेबांनी विचारलं, परत कधी येणार? मला थेट खोटं बोलता येत नाही. मी म्हटलं, परतीचं तिकीट काढलेलं नाही. तेव्हा त्यांना कळलं.

आई : आणि तू हे सगळं कशासाठी केलंस गं? माझा नवरा तुझा कोण?

पेशीवाली : कोणी नाही. पण त्यांच्या पेशी मी दोन महिने वाढवल्या. शनिवार-रविवार धरून. काका तपासणीला यायचे तेव्हा दारातूनच विचारायचे, काय पेशीवाली, मी कसा आहे? मी म्हणायचे, तुम्हीच बघताय की. ते म्हणायचे, हा नाही गं, आतला. टाकायची वेळ आली तेव्हा हात उचलला नाही, इतकंच. याला रकाना नाही.

आई : हं. आता माझं ऐक. हा डबा माझ्या मुलासाठी आहे. तो खाली स्कूटरवर बसलाय. त्यालाही हर्निया झालाय.

पेशीवाली : डॉक्टरांनी सांगितलं?

आई : डॉक्टरकडे जाईल तर ना. पण खोकताना ओटीपोटावर असा हात दाबतो. सहा वर्षं बघितलाय मी तो हात, ह्यांच्या पोटावर. जागाही तीच. म्हटलं, ह्यांची जाळी तयारच आहे, वाया कशाला घालवायची? आणि... त्या दोघांचं बोलणं नव्हतं. सहा वर्षं. एका घरात.

पेशीवाली : अजिबात नाही?

आई : माझ्यामार्फत. समोरासमोर जेवायला बसून हे मला म्हणायचे, त्याला म्हणावं, मीठ दे. आणि मीठ त्याच्याच हातात असायचं. अगं, ह्यांचा धंदा तिजोऱ्या हलवण्याचा. लोखंडी, दांडग्या. जिन्यानं वर न्यायच्या, जिन्यानं खाली आणायच्या. पोरगा दहा वर्षं बरोबर होता. मग एक दिवस सोडून गेला आणि लागला कुठे, तर लिफ्ट बसवणाऱ्यांकडे. सामानाच्या लिफ्ट! ह्यांनी आपल्या गिऱ्हाइकाला, एका पेढीच्या मालकाला सांगितलं, माझ्या घरात मी शत्रू पोसला, तोही दूध पाजून.

(दार ढकलून मुलगा आत येतो.)

मुलगा : आई, झालं का? स्कूटर भलत्या जागी लावलीय, उचलून नेतील.

पेशीवाली : आत यायचं तर बुटांवर ही निळी कव्हरं चढवा.

मुलगा : मी थांबत नाहीये.

पेशीवाली : न थांबणाऱ्यांसाठीही हीच आहेत.

मुलगा : द्या. ...आह.

आई : बघितलंस? वाकताना बघितलंस कसा हात गेला?

मुलगा : पाठ आखडलीय.

आई : पाठ मागे असते रे.

मुलगा : आई, चल.

आई : मी हिच्याकडे ह्यांची जाळी मागितलीय. तुझ्यासाठी.

मुलगा : तो काय स्वेटर आहे? त्यांना आखूड झाला, मी घालतो?

आई : त्यांचे शर्ट घालूनच मोठा झालास.

मुलगा : बाई, ही काय म्हणते ते सोडून द्या. ते टाकायचं आहे ना? टाका. कुणाची सही लागत असेल तर मी करतो.

पेशीवाली : तुमची चालते. जवळचे नातेवाईक. हा फॉर्म. फक्त खाली छापलंय की सही करणाऱ्यानं रुग्णाची माहिती वाचली आहे.

मुलगा : न वाचता करतो.

पेशीवाली : सगळे तसंच करतात. पण मी पाच दिवस नियम मोडलाय, त्यामुळे आज पाळायचं ठरवलंय. एकच पान आहे. वय बासष्ट. व्यवसाय, तिजोऱ्या. व्यसन, नाही. झोप, बरी. आजाराचं कारण—

मुलगा : मी.

पेशीवाली : काय?

मुलगा : कारण मी. लिहा. एवढं वाचायचं कशाला?

आई : असं काय बोलतोस?

मुलगा : तुला माहीत नाही, कारण तुला कुणी सांगितलं नाही. तिजोरी उचलताना आकडे म्हणतात. एक, दोन, तीन, आणि तीनवर उचलायची. सगळ्या जगात तीनवर उचलतात. बाबा दोनवर उचलायचे. दहा वर्षं कानीकपाळी ओरडलो, बाबा, तीन. हो म्हणायचे आणि दोनवर उचलायचे. त्या दिवशी तिसऱ्या मजल्याच्या वळणावर ते खालच्या बाजूला होते, मी वर. त्यांनी दोनवर उचललं, मी तीनवर. त्या मधल्या एका आकड्यात अख्खी तिजोरी त्यांच्या पोटावर. मला आवाज आला, आई. चादर फाडल्यासारखा.

आई : मग?

मुलगा : खाली ठेवली. ते भिंतीला टेकले आणि म्हणाले, तू उशिरा उचलतोस. बास, तेवढंच. दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. लिफ्टवाल्यांकडे का लागलो म्हणून सगळे विचारतात. लिफ्ट आकडे म्हणत नाही.

पेशीवाली : पुढचं वाचू?

मुलगा : नको.

पेशीवाली : मग सही घेता येणार नाही. 'आजाराचं कारण, रुग्णाच्या शब्दांत. मला वजन दोनवर उचलायची सवय आहे. केव्हापासून, मुलगा कामावर आला तेव्हापासून. का, तो सतरा वर्षांचा होता, पहिला झटका त्याच्या अंगावर जाऊ नये म्हणून. नंतर सवय सुटली नाही.'

मुलगा : हे कुणी लिहिलं?

पेशीवाली : अक्षर माझं. बोलले ते. पाचवा प्रश्न आहे, आजार कशामुळे झाला असं तुम्हाला वाटतं? बाकीचे पेशंट म्हणतात, माहीत नाही. काका वीस मिनिटं बोलत होते. रकाना लहान आहे, त्यात एवढंच मावलं.

मुलगा : आई, तुला माहीत होतं?

आई : मला कुठलं. मला फक्त मीठ दे म्हणायचे.

मुलगा : मग मला असं का म्हणाले? उशिरा उचलतोस?

आई : अरे, ह्यांना दुखलं की समोर असेल त्याच्यावर ओरडायचे. अंगठा ठेचला तर दाराला शिव्या द्यायचे, आणि मग दोन दिवस त्या दाराकडे बघायचे नाहीत. त्या दिवशी दाराच्या जागी तू होतास.

मुलगा : दाराशी सहा वर्षं अबोला धरतं का कुणी?

आई : दार उठून दुसरीकडे नोकरीला लागत नाही.

पेशीवाली : पेन हवंय?

मुलगा : ...कुठे आहे ते?

पेशीवाली : काय?

मुलगा : ती जाळी. बघता येते का?

पेशीवाली : येते. काकू, डबा खाली ठेवा, हात पुसून घ्या. हे मास्क. जाळीची बशी कपाटातून काढून भिंगाखाली ठेवते. दादा, या बाजूला. डोळा इथे लावा, भिंगाला टेकवू नका. त्या जाड काळ्या पट्ट्या दिसतायत ना, ते प्लास्टिकचे धागे. आणि लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या...

मुलगा : धाग्याला धरून बसल्यात.

पेशीवाली : त्याच.

मुलगा : हलतायत?

पेशीवाली : तुम्हाला दिसणार नाही इतक्या हळू. दोन-तीन तासांत केसाच्या जाडीएवढ्या सरकतात.

मुलगा : कुठे निघाल्यात?

पेशीवाली : जिथे मोकळी जागा असेल तिथे. भोक दिसलं की दोन्ही बाजूंनी येऊन बुजवायला लागतात. दुसरं काही काम त्यांना येत नाही.

आई : सरक, मला बघू दे. ...ह्यात हे कुठले?

पेशीवाली : सगळेच.

आई : किती असतील?

पेशीवाली : पन्नासएक लाख.

आई : पन्नास लाख, आणि एक बोलेल तर शपथ. ह्यांचेच आहेत.

मुलगा : बुधवारी संध्याकाळी ते तुला म्हणाले होते ना, त्याला म्हणावं, सोमवारी रजा घे. मी शेजारच्या खोलीत होतो.

आई : आणि तू मला म्हणालास, त्यांना म्हणावं, बघतो.

मुलगा : रजा मी आठ दिवस आधीच टाकली होती.

आई : मग तसं म्हणायचंस की रे!

मुलगा : सोमवारी म्हणणार होतो.

पेशीवाली : बशी जास्त वेळ कपाटाबाहेर ठेवता येत नाही. आत ठेवते.

मुलगा : माझ्यात बसवा.

पेशीवाली : काय?

मुलगा : मला हर्निया आहे. आठ महिने झाले. आई म्हणते तिथेच. ही जाळी माझ्यात बसवा.

आई : बघ! पाठ म्हणे.

पेशीवाली : दादा, तसं होत नाही. ही बसवली तर दोन-तीन आठवड्यांत तुमचं शरीर त्यांना ओळखेल.

मुलगा : मग चांगलंच आहे.

पेशीवाली : परके म्हणून ओळखेल. आणि मारेल.

मुलगा : बाप आहे तो माझा.

पेशीवाली : शरीराला नाती कळत नाहीत. ते पेशीच्या अंगावरच्या खुणा तपासतं. निम्म्या जुळतात, निम्म्या जुळत नाहीत.

आई : निम्म्या जुळतात ना? मग घ्यावं की सांभाळून. आमच्या तेवढ्याही जुळत नव्हत्या, सदतीस वर्षं निभावलं.

पेशीवाली : शरीर तुमच्याइतकं सोसत नाही, काकू.

मुलगा : निम्मं पुरत नाही?

पेशीवाली : नाही पुरत. आणि तुम्हाला त्याची गरजही नाही. तुमचं शरीर साधी जाळीसुद्धा घेईल, बहुतेकांचं घेतं. उद्या सकाळी दुसऱ्या मजल्यावर तपासणीला या. अंगावर काढू नका. आतडं अडकलं तर धावपळ होईल.

मुलगा : येतो.

आई : बघतो नाही ना?

मुलगा : येतो म्हटलं ना.

पेशीवाली : तीन वाजून वीस मिनिटं. एक वाट आहे. हीसुद्धा मी सांगितलेली नाही. नमुन्याबद्दल नातेवाइकांचा लेखी अर्ज आला, तर त्याचा निकाल लागेपर्यंत नमुन्याला कुणी हात लावू शकत नाही. निकाल समिती देते, आणि समिती तीन महिन्यांनी एकदा बसते.

मुलगा : मग मंजूर होईल?

पेशीवाली : शक्यच नाही. मंजूर झाला तर मी भीतीनं नोकरी सोडेन.

आई : मग गं काय उपयोग?

पेशीवाली : पेशी कायमच्या नसतात. एकीच्या दोन, दोनाच्या चार, असं ठरावीक वेळा झालं की त्या दमतात, थांबतात. काकांचं वय बघता समिती बसायच्या आत आपोआप शांत होतील. कुणी टाकलं असं होणार नाही. तोवर खाद्य मी बदलत राहीन.

आई : आम्हाला येऊन बघता येईल?

पेशीवाली : येईल. मंगळवारी दुपारी मोठे साहेब नसतात.

मुलगा : लिहा अर्ज.

पेशीवाली : टाइप करते, तुम्ही सांगा. खरं लिहायचं, खोटं छाननीत लगेच सापडतं. काय मागायचंय?

मुलगा : आत्ता मागितलं तेच.

आई : नाही मिळणार म्हणाली ना ती?

मुलगा : नाही मिळणार. पण मागितलं होतं एवढं कुठेतरी लिहिलेलं राहील.

पेशीवाली : 'प्रति, माननीय अध्यक्ष, मानवी नमुने विल्हेवाट समिती. विषय, जाळी क्रमांक सव्वीस अर्जदाराच्या पोटात बसवून मिळणेबाबत. महोदय, सदर जाळीवर अर्जदाराच्या वडिलांच्या पेशी असून त्या आजमितीस जिवंत आहेत. अर्जदाराचे शरीर त्यांचा स्वीकार करणार नाही, याची अर्जदारास पूर्ण कल्पना देण्यात आली आहे. तरीही सदर जाळी बसवण्यात यावी.' इथवर ठीक?

मुलगा : ठीक. पुढे अजून एक लिहा. शरीरानं नाकारली तर ते त्याचं म्हणणं. माझं नाही.

पेशीवाली : असं लिहिलं तर परत पाठवतील. भाषा बदलावी लागेल.

मुलगा : बदला. अर्थ बदलू नका.

आई : आणि त्यांना कळू दे म्हणावं.

पेशीवाली : कुणाला, समितीला?

आई : समितीला काय करायचंय. ह्यांना.

पेशीवाली : बघा, जमतंय का. 'शरीराने सदर जाळी नाकारल्यास तो नकार केवळ शरीराचा समजण्यात यावा, अर्जदाराचा समजण्यात येऊ नये, व तसे रुग्णास लेखी कळवण्यात यावे, ही नम्र विनंती.'